फासळ्यांच्या कडा

माझी नणंद गॅरेजमध्ये विमान बांधते आहे, हे मी लोकांना सरळ सांगत नसे. कुणी ठोकठोक ऐकून विचारलंच, तर "पत्र्याचं काही काम चाललंय" एवढंच म्हणायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. पंख, शेपूट, पोट, सगळं पत्र्याचंच होतं. बऱ्याच जणांना वाटायचं, पाण्याची टाकी असेल. एक शेजारी तर कितीतरी दिवस आम्ही फिरती खानावळ काढणार, अशा आशेवर होता.

घरात तिला सगळे छोटी म्हणतात. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी छोटीच. माझ्या नवऱ्याहून लहान, म्हणून ती त्याला दादा म्हणते आणि मला वहिनी. लग्न केलं नाही. आईवडिलांनी घर दोघा भावंडांच्या नावावर ठेवलं तेव्हापासून वरची खोली तिची, खालचा मजला आमचा आणि गॅरेज दोघांचं. काम करते डक्टच्या कारखान्यात. मोठ्या इमारतींच्या छतातून गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी पेट्या असतात ना, त्या बनवायच्या. शाळा सुटली तशी तिथे लागली, आणि आता तिच्या हाताखाली सगळा विभाग आहे. पत्रा कापायचा, वळवायचा, कडा एकमेकींत अडकवायच्या, ठोकून घट्ट करायच्या. "आयुष्यभर पत्र्यातून हवा नेली," ती म्हणायची, "आता एकदा हवेतून पत्रा न्यायचाय."

उडायचं खूळ तिच्या डोक्यात कामावरच शिरलं. शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबच्या इमारतीत ती डक्ट बसवायला गेली होती. शिडीवर उभी असताना खिडकीतून एक लहानसं विमान उतरताना दिसलं. खाली येऊन तिने तिथल्या शिक्षकाला विचारलं, हे शिकायला काय लागतं. तो म्हणाला, "बाई, त्याला लवकर सुरुवात करावी लागते." ती म्हणाली, "मग आजच करू." पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या वेळी पास झाली. परवाना हातात आला तशी तिने घरी बांधायच्या विमानाचे नकाशे मागवले आणि दादाची गाडी गॅरेजमधून रस्त्यावर काढली.

माझ्या नवऱ्याला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं, आणि ते गाडीसाठी नव्हे. तो विमा कंपनीत दावे तपासतो. कोसळलेला जिना, कलंडलेली क्रेन, ब्रेक न लागलेला ट्रक, सगळ्यांचे फोटो त्याच्या टेबलावर येतात. मी स्टुलावर चढून पडदा लावायला घेतला, तर हा माणूस हातातलं सोडून स्टूल धरायला येतो. त्याची बहीण घरी ठोकलेल्या विमानात बसणार, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. तो रागाने बोलायचा, पण त्याच्या पोटात भीती होती, हे मला कळायचं. छोटीलाही कळायचं. म्हणून तर ती दोघं एवढी भांडायची.

मी त्यात ओढले गेले ते माझ्या बारीक हातांमुळे. मी घरी शिवणकाम करते. पडदे, गणवेश, उसवलेले कोट. एके दिवशी छोटी माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, हात दाखव." मला वाटलं काही लागलंय का बघते. ती म्हणाली, "शेपटाच्या आत जातील." रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायची बिनआट्याची खिळी, मारताना दोघं लागतात. एकीने बाहेरून ठोकायची गन धरायची, दुसरीने आतून पोलादाचा ठोकळा रिव्हेटच्या टोकाला दाबून ठेवायचा. बाहेरून दणका बसला की आतलं टोक ठोकळ्यावर चेपतं आणि बटणासारखं बसतं. त्या निमुळत्या शेपटात छोटीचा हात कोपराशीच अडायचा, माझा खांद्यापर्यंत जायचा. पहिल्या दिवशी कानठळ्या बसल्या, दात हलले. दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेले. पडदे काय, उद्याही शिवता येतात.

शेपूट झालं, मग डाव्या पंखाच्या फासळ्या झाल्या. माशाचा काटा बघा, तसा पंखाचा सांगाडा असतो. मधून लांब कणा आणि त्याला आडव्या फासळ्या. प्रत्येक फासळी म्हणजे पातळ पत्र्याचा एक लांबट तुकडा, आणि त्याची कड चारी बाजूंनी काटकोनात वळवलेली, कारण बाहेरचा पत्रा त्या वळवलेल्या कडेवर रिव्हेटने बसवायचा असतो. छोटीने त्या सगळ्या फासळ्या टणक लाकडाच्या साच्यावर ठोकून काढल्या. एकेक अशी धारदार निघाली, की बघत राहावं. मी तिला म्हणाले, "इस्त्रीच्या घडीसारखी आहे गं." ती खुशीत होती.

पंख बंद करण्याआधी तपासनीस येऊन आतलं काम बघतो, असा नियम आहे. ते आले. सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. चहा नको म्हणाले आणि थेट गुडघ्यांवर बसून फासळ्यांच्या कडांवरून नख फिरवायला लागले. एकेक करत शेवटच्या फासळीपर्यंत गेले. मग विचारलं, "मॅडम, या रेघा कशाने आखल्यात?"

"स्क्रायबरने," छोटी म्हणाली. स्क्रायबर म्हणजे पत्र्यावर खूण ओरखडायची टोकदार सळई. तिच्या खिशाला ती कायम लटकलेली असते. "रेघेशिवाय वळवणार कसं?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि वळण इतकं धारदार मुद्दाम ठेवलंय?"

"मुद्दाम म्हणजे? येतंच तसं. माझ्या हातचं वळण आहे ते."

ते उभे राहिले. "यातली कुठलीही एक मला द्याल का? परत मिळणार नाही."

छोटीने तोऱ्यात म्हटलं, "तुम्हीच निवडा."

त्यांनी एक उचलली, तिची कड पक्कडीत धरली आणि हळूच मागे-पुढे केली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा टक् असा आवाज आला आणि कड वळणाच्या रेघेवरून सरळ तुटून हातात आली. फाडायच्या कागदाला आधीच भोकं पाडलेली असतात, तशी. त्यांनी दुसरी मागितली नाही. फक्त तुटलेली कड छोटीच्या हातात ठेवली आणि भिंग पुढे केलं. "ओरखडा बरोबर वळणावर आलाय. हा पत्रा तुमच्या डक्टच्या पत्र्यासारखा मऊ नाही. ताकद जास्त, पण ओरखडा सहन करत नाही आणि कडक वळण तर मुळीच नाही. आत्ता तडा दिसत नाही. पण हवेत पंख सतत थरथरत असतो."

"म्हणजे किती बदलायच्या?" मी विचारलं.

"मला दिसतायत तेवढ्या सगळ्या."

छोटी म्हणाली, "साहेब, मी पत्रा वळवायला लागले तेव्हा तुम्ही शाळेत असाल."

"असेन," ते शांतपणे म्हणाले. "डक्टची कड तडकली तर थोडी गार हवा गळते, मॅडम."  नमस्कार करून निघून गेले.

माझा नवरा दारातच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता टोमणा मारेल, पण त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "केलंस ते पुष्कळ केलंस. आता पुरे कर. यात कमीपणा नाही." तो गोड बोलला, हेच वाईट झालं. छोटीने त्याचा हात झटकला, तुटलेली कड भिंतीवर भिरकावली आणि म्हणाली, "फेकून दे सगळं. भंगारात घाल." आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

बोलणाऱ्याने रागात म्हटलं होतं. ऐकणाऱ्याने सोयीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी छोटी कामावर गेली, माझा नवरा कचेरीत गेला, आणि दुपारी दाराशी टेम्पो येऊन थांबला.

"साहेबांनी बोलावलंय," भंगारवाला म्हणाला. "गॅरेजमधला पत्रा उचलायचाय. म्हणाले, एक मोठं शेपूट पण आहे."

मी शेंगा सोलत होते. ती परात तशीच उचलली, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकली आणि बसले. "साहेब घरी नाहीत," मी म्हटलं.

"फोनवर बोललेत ते."

"मग फोनवरून उचला म्हणावं."

तो भला माणूस होता. माझ्या मागे डोकावून त्याने ते शेपूट बघितलं, नकाशे बघितले, पंखाचा कणा बघितला. "बाई, हे काय आहे?"

"विमान."

त्याने मान वाकडी करून पुन्हा बघितलं. "मोडलेलं?"

"अजून झालेलंच नाही, तर मोडेल कसं?"

त्याने माझ्या नवऱ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. नवरा म्हणाला, "अगं, तिनेच सांगितलंय. तूही ऐकलंस."

"ऐकलं," मी म्हटलं. "लग्नानंतर तुमच्या आईशी भांडून तुम्ही एकदा म्हणाला होतात, या घरात पाऊल टाकणार नाही. तेव्हा मी तुमचं सामान बाहेर ठेवलं होतं का?"

मी फोन पुढे धरला. भंगारवाल्याने फोन परत घेतला आणि म्हणाला, "तुम्ही घरातले आधी ठरवा, मग मला बोलवा." मी त्याला पाणी दिलं. जाताना तो पुन्हा एकदा आत डोकावून गेला.

संध्याकाळी छोटी आली तेव्हा मी तिला काही न लपवता सांगितलं. आधी ती लालबुंद झाली, मग हसली, मग गॅरेजमध्ये जाऊन खाली बसली. नाकारलेल्या फासळ्या तिने एकेक हातात घेतल्या, कात्री घेतली आणि प्रत्येकीचे मधोमध दोन तुकडे करायला लागली. मी म्हणाले, "अगं, निदान काहीतरी वाचव. खिडकीला लावू."

"नको. शाबूत राहिल्या तर एखाद दिवशी वाटेल, ही बरी आहे, ही चालेल. मला माहितीये मी कशी आहे." कात्री चालतच राहिली. सगळ्या संपल्यावर तिने खिशाला लटकलेली ती सळई सोडवली आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. "वहिनी, तुझ्याकडे बारीक टोकाचं पेन आहे का? शाईचं. ओरखडत नाही असं."

कापडावर खुणा करायची माझी पेनं होती. मी डबाच तिच्यापुढे ठेवला.

जेवायला बसलो तेव्हा भाऊ-बहीण समोरासमोर आले. ती म्हणाली, "दादा, परत माझ्या सामानाला कुणाला बोलावलंस, तर तुझ्या त्या अपघातांच्या फोटोंच्या फायली रद्दीत घालेन."

"घाल. निदान त्यात माझी बहीण नाही." त्याने ताट पुढे सरकवलं. "छोटे, मी रोज हेच वाचतो. कुठे कोणता नट सैल राहिला, कुठे कोण म्हणालं, चालतंय. काल तो माणूस घरी येऊन सांगून गेला, की कड तुटते. आणखी काय पाहिजे तुला?"

"तो सांगून गेला, म्हणूनच मी परत करतेय. नसता आला, तर मी तशीच उडाले असते."

"म्हणजे कळतंय ना तुला."

"कळतंय. आणि तुझ्याकडे फक्त मोडलेलं येतं, दादा. जे नीट उतरलं, त्याचा दावा कुणी करत नाही." ती पाणी प्यायली. "तू रागाव. रोज रागाव. पण थांब म्हणू नकोस, कारण मी थांबणार नाही आणि तू उगाच घसा कोरडा करशील."

तो म्हणाला, "ठीक आहे, मग मी त्या कामाकडे बघणारसुद्धा नाही." आणि खरंच बघेनासा झाला. गॅरेजवरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. एकदा तसाच चालताना खांबावर आदळला. त्याने तेही कबूल केलं नाही.

फासळ्या नव्याने करणं म्हणजे सगळंच नव्याने करणं होतं. आधी साच्याची कड बदलावी लागली. पहिल्या साच्याची कड सुरीसारखी होती. ती छोटीने कानशीने घासून गोल केली, इतकी की पत्रा तिच्यावरून वळताना कुठे कोपरा लागू नये. साचा सोपा होता. हात अवघड होता. तिच्या हाताला एका दणक्यात घडी पाडायची सवय. आता लाकडी हातोड्याने हलकं, थोडं थोडं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा जायचं होतं. तिचा हात मध्येच जुन्या सवयीने जोरात पडायचा, कडेला खोक पडायची, आणि ती तो पत्रा कापून टाकायची. कापलेल्या तुकड्यांची पेटी भरली, दुसरी भरली. मी एकदा म्हणाले, "आज राहू दे, थकलीस." ती म्हणाली, "हाताला वाटतंय मी थकेन. वाटू दे त्याला."

मग दुसरी अडचण निघाली. फासळीची वरची बाजू बाकदार असते. बाकदार कड वळवली, की तिथला पत्रा जास्तीचा होतो, त्याला जायला जागा मिळत नाही, आणि मग सगळी फासळीच केळ्यासारखी वाकडी होते. नकाशात लिहिलं होतं, ठरावीक अंतरावर कडेला लहान खळगे पाडा. छोटीला ते पटत नव्हतं. सरळ कडेत मुद्दाम खड्डे पाडायचे, म्हणजे काम बिघडवणं, असं तिला वाटत होतं.

मी ते चित्र बघितलं आणि म्हणाले, "बाहीच आहे ही."

"काय आहे?"

"कोटाची बाही खांद्याला जोडताना वरचं कापड जास्तीचं असतं. ते नाहीसं करता येत नाही. बारीक चुण्या घेऊन वाटून टाकायचं. एकीकडे ढकललंस तर फुगा येणारच."

तिने मग पक्कड माझ्याच हातात दिली. मी पेनने खुणा केल्या, दोन रिव्हेटच्या मधल्या जागी, आणि एकेक चुणी दाबत गेले. प्रत्येक चुणीसरशी फासळी सरळ होत गेली. शेवटी टेबलावर ठेवली, तर सपाट बसली. छोटी म्हणाली, "आजपासून चुण्या तुझ्या." त्या दिवसापासून चुण्या माझ्याच.

कडाही माझ्याच झाल्या. कापलेल्या पत्र्याच्या कडेला नजरेला न दिसणारे दात राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. कानस मारायची, मग पॉलिश पेपर, मग बोट. बोटालाही कळेना, तेव्हा मी अस्तराच्या रेशमी कापडाचा तुकडा आणला. तो कडेवरून ओढायचा. धागा अडकला, की परत कानस. नाही अडकला, की पुढची. फासळीच्या पोटात वजन कमी करायला मोठी गोल भोकं असतात; त्यांच्याही कडा दोन लाकडी चकत्यांमध्ये दाबून आत वळवायच्या असतात. नुसती भोकं पाडलेला पत्रा हातात लवलवतो. भोकाची कड वळवली, की तोच पत्रा ताठ उभा राहतो. मला ते दर वेळी नवल वाटायचं. छोटी म्हणायची, "पत्र्याचा सगळा जोर कडेला असतो. मधला भाग नुसता सोबतीला."

शेजारपाजारी कळलंच शेवटी. एक बाई कपडे घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वय काय, हे काय करताय? आणि नवऱ्यालाही आवडत नाही म्हणे." मी म्हणाले, "त्यांना कारलंही आवडत नाही, ते मी करते." त्यांचा कोट मी वेळेत दिला. 

तपासनीस परत आले तेव्हा छोटी बाजूला हात बांधून उभी राहिली. तेच नख, तेच भिंग. एका फासळीपाशी थांबले आणि म्हणाले, "इथून तारा जाणार ना? त्या भोकाभोवती आतून आणखी एक पत्रा लावा. एकेरी पुरणार नाही."

छोटी म्हणाली, "नकाशात नाहीये ते."

"नाहीये. मला वाटतं, लावावा."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मानेची शीर ताठ झालेली. मग ती म्हणाली, "कसा लावू, ते सांगा." त्यांनी टेबलावर बोटाने आखून दाखवलं: भोकापेक्षा मोठी कडी, कोपरे गोल, रिव्हेट कडेपासून लांब. तिने तिथेच कापायला घेतली. ते कोट काढून बसले आणि कडी बसेपर्यंत थांबले. जाताना या वेळी चहाही प्यायले. दारात म्हणाले, "पहिल्या फासळ्या बघून मला वाटलं होतं, तुम्ही मला परत बोलावणार नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," छोटी म्हणाली.

उजवा पंख त्यामानाने पटकन झाला. मग वरचे पत्रे चढले, इंजिन आलं, चाकं लागली, आणि एका सकाळी पंख सुटे करून सगळं विमान ट्रकवरून क्लबच्या हँगरमध्ये गेलं. तिथे ते जोडलं, तपासनीसांनी शेवटची सही केली, आणि मला वाटलं झालं एकदाचं.

झालं नव्हतं. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी क्लबचे अध्यक्ष हँगरमध्ये आले, सोबत एक अनुभवी पायलट. अध्यक्षांनी विमानाभोवती फेरी मारली, कौतुक केलं, आणि म्हणाले, "ताई, पहिल्यांदा यांना नेऊ द्या. तुमचे उड्डाणाचे तास कमी आहेत. मग तुम्ही आहातच."

छोटी म्हणाली, "गेले दोन महिने मी शिक्षकांबरोबर असल्याच विमानात सराव केलाय. त्यांनी लिहून दिलंय. नियमात बसतं की नाही?"

"नियमात बसतं. मी सल्ला देतोय. उद्या काही झालं, तर लोक आम्हाला विचारतील, एका बाईला एकटीला कसं जाऊ दिलंत."

"बाईला म्हणून नका सांगू. जिने ते बांधलं तिला, असं सांगा."

"हट्ट आहे हा."

"आहे," ती म्हणाली. "हट्ट नसता तर हे इथे उभंच राहिलं नसतं. या पंखातली प्रत्येक कड मी एकदा चुकवलीय आणि दुसऱ्यांदा बरोबर केलीय. यांना काही आवाज आला, तर तो कुठून आला ते शोधावं लागेल. मला ऐकताच कळेल. सल्ला ऐकला, साहेब. आता दार पूर्ण उघडायला सांगा."

पायलट हसला. अध्यक्षांना म्हणाला, "मी रेडिओवर बसतो. जाऊ द्या त्यांना." अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून बाजूला झाले.

छोटीने विमानाभोवती फेरी मारली, प्रत्येक स्क्रूला हात लावला, आणि आत बसली. मला म्हणाली, "वहिनी, बघत राहा." मी म्हणाले, "दुसरं काय करणार."

ती धावपट्टीच्या टोकाला गेली. इंजिनाचा आवाज वाढला आणि विमान निघालं. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा खाली उन्हाची एक फट दिसली. मग ती फट वाढत गेली. शेपूट दिसलं, ज्यात मी खांद्यापर्यंत हात घातला होता. पंख दिसले, त्यातल्या चुण्या आता कुणाला दिसणार नव्हत्या. तेव्हा मला कुंपणापलीकडे आमची गाडी दिसली. माझा नवरा तिला टेकून उभा होता, विमानाकडे पाठ करून.

छोटीने मैदानावर गोल फेऱ्या मारल्या, वेगवेगळ्या वेगाने, जसं ठरलं होतं तसं. उतरताना एकदा टप्पा खाल्ला, दुसऱ्यांदा चाकं टेकली ती टेकली. हँगरपाशी येऊन इंजिन बंद केलं. बाहेर आली तेव्हा चेहरा असा, की कुणी जवळ जाऊन मिठी मारायचं धाडस केलं नाही. मी मारली.

तिने हेल्मेट काढलं आणि पहिलं काम काय केलं, तर इंजिनावरचं झाकण तपासायला घेतलं. झाकणाच्या मागच्या कडेला, एका स्क्रूच्या भोकापासून, केसाएवढी चीर गेली होती. इंजिनाच्या थरथरीने.

तोवर माझा नवरा आत आला होता. त्याने ती बघितली. "तडकलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं झालेलं सांगत होता.

"तडकलं," छोटी म्हणाली. "पंख नव्हे, झाकण. आणि इथे तडकणार, हे तपासनीसांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून तर दर वेळी बघायचं." तिने ड्रिल घेतलं आणि चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं. "आता ही इथेच थांबेल. गोल भोकाला टोक नसतं, पुढे जायला तिला जागा नाही. वर एक तुकडा लावून टाकू." मी न सांगता ठोकळा घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला गेले.

"आणि परत जाणार?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी. नियमाप्रमाणे अजून बरेच तास एकटीनेच उडवायचंय. मग वहिनी."

"वहिनी बसणार नाही," मी आतून म्हणाले.

छोटीने गन खाली केली. "का?"

"मला उंची सोसत नाही. मी बांधलंय, म्हणून बसलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"वहिनी, भित्री म्हणतील."

"म्हणू देत. तू त्यांचं ऐकलंस का, की मी ऐकू?"

अध्यक्ष पलीकडे उभे होते. ते खोकल्याचं नाटक करून दुसरीकडे गेले. छोटी हसली, मान हलवली, आणि रिव्हेट मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले. माझा नवरा आधीच येऊन कुंपणाशी उभा होता. छोटी वर होती, लांब, झाडांच्या पलीकडे. आवाज येत होता, विमान दिसत नव्हतं. आज त्याची पाठ तिकडे नव्हती. तो डोळ्यांवर हात धरून आभाळ शोधत होता.

"कधी येणार ही?" त्याने विचारलं.

"तिचं काम झालं की."

"किती वेळ?"

"ते मी नाही सांगणार," मी म्हटलं. "थांबायचं तर थांबा, नाहीतर कचेरीत जा."

त्याने गाडीची किल्ली खिशात घातली आणि कुंपणाला टेकून उभा राहिला.